पाय धुऊन मगच आत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, पोचला असं समज.) दाजींचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हणावं, आणि ऐकत नसतील तर माझं नाव मध्ये आणू नकोस. आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे तसं लिहायची पद्धत आहे.

तू माळ्यावरून काढून पाठवलेला हवा भरायचा हौद मिळाला. गेल्या सुट्टीत नातीने आमच्या जुन्या हौदात डुंबून अंगभर पुरळ उठवून घेतलं होतं आणि सूनबाईंनी सौम्य आवाजात (हाच त्यांचा कडक आवाज) सांगितलं होतं, की पुन्हा पाणी घाण दिसलं तर पोर सुट्टीला दुसऱ्या आजीकडे जाईल. दुसरी आजी! जिच्या घरात सोफ्यावर बसायचीसुद्धा चोरी! ताई, त्या पोरीवाचून आमची सुट्टी म्हणजे नुसतं कॅलेंडरची पानं फाडणं. तेव्हा मी कंबर कसली, आणि तिथेच ती धरली.

डॉक्टर म्हणाले होते, लहान हौदाचं पाणी रोज ओता, हौद घासा, वाळवा, मग नवं भरा. त्यांचं काय जातं सांगायला! बादल्या वाहून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा मी पळवाट काढली. हौदावर चादर झाकायची, पालापाचोळा चहाच्या गाळणीने काढायचा (हे तुझ्या भावजयीला कळता कामा नये) आणि कडेला पाण्याचा पसरट टब ठेवून पाटी लावायची, ‘पाय धुऊन मगच आत’. मळ आत गेलाच नाही तर पाणी बदलायचं कशाला? सूनबाईंना मात्र फोनवर ‘रोज बदलतो’ असं ठोकून दिलं.

पाणी स्वच्छ राहिलं. मग जास्तच स्वच्छ होऊ लागलं, तिथेच खरं तर मला शंका यायला हवी होती. शेवाळं नाही, डास नाही, आणि पडलेली पानं बाहेर काठावर ओळीने मांडलेली. टब मात्र रोज सकाळी गढूळ. (नात अजून आलीच नव्हती, हे ध्यानात घे.) मांजर असेल म्हटलं, तर ही म्हणाली, “मांजर पाटी वाचतं वाटतं?” मग एका सकाळी फरशीवर ओली पावलं दिसली, माझ्या तळहाताएवढी, टबातून हौदाकडे गेलेली. परत आलेली नव्हती. वाकून पाहिलं, तर पाणी इतकं नितळ की त्यात माझं तोंडही दिसेना. घाबरलो गं मी, हसू नकोस.

नेमक्या त्याच दिवशी सूनबाई नातीला घेऊन आल्या. पाणी पाहून म्हणाल्या, “बाबा, कमाल केलीत!” आता खरं सांगावं तर नात जाते, न सांगावं तर नात त्यात उतरते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये हा हौद. नातीने पाय धुतले आणि काठाशी थांबून राहिली. म्हटलं, “उतर की.” तर म्हणाली, “थांबा ना आजोबा, आधी तिला सरकू दे.” मग एका कडेला उतरली, अर्धा हौद मोकळा ठेवून. सूनबाईंना ती शिस्त वाटली. पोरीला सुट्टीभर ठेवून त्या निघून गेल्या. मी जिंकलो, पण इतकं वाईट वाटून कधी जिंकलो नव्हतो.

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. : हौद ‘कधी वापरलाच नाही’ म्हणाली होतीस. आता खरं सांग, आणि तो परत न्यायला टेम्पो पाठव.

ता. क. २ : टेम्पो नको. आज दुपारी नात झोपलेली पाहून मी हौद ओतला, घासला, हवा काढून घडी घातली. कंबर गेली, पण छातीवरचं ओझं उतरलं. चहाला उठलो तर टब गढूळ, आणि ओली पावलं या वेळी स्वयंपाकघरात गेलेली. आत नात चटईवर बसून खेळत होती, अर्धी चटई मोकळी ठेवून.

ता. क. ३ : ताई, तूच ये, लगेच ये. दाराशी टब ठेवला आहे, त्यात पाय धुऊन मगच आत ये. हे मी सांगत नाहीये. मघाशी मी अंगणातून तसाच आत निघालो, तर दाराला आतून कडी लागली. ही, नात आणि मी, तिघंही तेव्हा बाहेर होतो.