रिव्हॉल्व्हरला पंचामृत

पहूर,
कोजागरीनंतरचा चौथा दिवस

तीर्थरूप उखर्डूमामांच्या चरणी पहूरहून योगराजचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? नाशिकला मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. आता मामींना तुमचा चेहरा स्पष्ट दिसत असेल, तेव्हा थोडे दिवस जपून राहा. इकडे सगळे खुशाल आहेत. केळीचे घड भरलेत, आई (म्हणजे तुमची अक्का) ठणठणीत आहे, भाविकाची चौथीची शाळा चालू आहे आणि डिंपल दसऱ्यापासून माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे. हे सगळं फोनवरच सांगणार होतो, पण हल्ली फोनात बोललेलं रेकॉर्ड होतं आणि बोलणाऱ्याच्याच गळ्याशी येतं. कागदाचं बरं असतं, वाचला की चुलीत.

तर मामा, झालंय असं की माझ्या रिव्हॉल्व्हरच्या लायसनची मुदत दिवाळीला संपते. नूतनीकरणाच्या अर्जाला शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झाल्याचा दाखला जोडा, असा कागद आलाय. दाखला नाही तर लायसन नाही आणि लायसन नाही तर रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा. आता मला सांगा, आपल्याकडे कोणी कधी काय शिकून केलंय? मी ट्रॅक्टर शिकलो तो ट्रॅक्टर विहिरीत घालून. फवारणी शिकलो ती तीन दिवस सलाइनवर पडून. मोटारसायकलच्या लायसनला आठाचा आकडा काढून दाखवावा लागतो म्हणतात, माझा एजंटाने काढला होता. लग्नाला तर (मामी जवळ नसतील तरच हे वाक्य मोठ्याने वाचा) कसलीच परीक्षा नसते आणि त्यात जखमी झालेल्यांची गणती कोणी ठेवत नाही. मग वीतभर लोखंडानेच सरकारचं असं काय घोडं मारलंय?

हे रिव्हॉल्व्हर मी हौसेने घेतलेलं नाही. अर्जात 'जिवाला धोका' असं स्वच्छ लिहिलं होतं. कोणापासून, असं साहेबाने विचारलं तेव्हा मला एक नाव आठवेना, आणि खरं सांगतो, त्या दिवशी फार कमीपणा वाटला. बारा एकर केळीचा धनी आणि पदरी एक शत्रू नसावा? खरं कारण नवल, आमचा माजी सरपंच. तो लग्नाच्या पंगतीत बसताना शर्ट असा काही सावरतो की कमरेचं पिस्तूल या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना दिसतं, आणि वाढपी त्याच्या वाटीत बासुंदी दोनदा घालतो. मला एकदा, तीही साय बाजूला सारून. कमरेला बांधल्यापासून मलाही दोनदा मिळते. आता तुळशीचं लग्न झालं की भडगावला डिंपलच्या चुलतभावाचं लग्न आहे. नवलही येणार. तिथे मी रिकाम्या कमरेने जाऊ? माझी काही इभ्रत?

दसऱ्याचं तुमच्या कानावर आलंच असेल. लोकांनी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगतो. दरवर्षीप्रमाणे ओळीने मांडणी केली होती. ट्रॅक्टर दारात, आत फवारणीचा पंप, वजनकाटा, भाविकाचं दप्तर आणि मधोमध चौरंगावर रिव्हॉल्व्हर. आई म्हणाली, शस्त्र म्हणजे देवीच, तिला नुसत्या हळदीकुंकवावर कसं भागवायचं? म्हणून मी दूध, दही, तूप, मध, साखर घालून यथासांग अभिषेक केला. (अथर्वशीर्ष अर्धंच येतं, तेवढंच दोनदा म्हटलं.) गोळ्या आतच होत्या. देवीची ओटी आपण रिकामी ठेवत नाही, मग शस्त्राचं पोट रिकामं कसं ठेवायचं, एवढा साधा विचार. मग पंच्याने पुसायला घेतलं. मधाला पंचा चिकटला, मी ओढला आणि ठो! समोर पाटावर भाविका आपट्याची पानं निवडत बसली होती, ती नेमकी तेव्हाच गूळ आणायला उठली होती. गोळी पाटातून आरपार जाऊन फरशीत घुसली. माझं नशीब किती बळकट बघा मामा, पोरीला खरचटलंसुद्धा नाही! एवढं सगळं सुखरूप झालं असताना डिंपलने आकांत मांडायचं काही कारण होतं का? तिने आता तोच पाट माझ्या जेवायच्या जागी मांडलाय. मी रोज त्या भोकावर बसून जेवतो. भाविका कुकरच्या शिटीला दचकते, पण लहान मुलं दचकतातच.

तरी मी कायदा पाळणारा माणूस. कोजागरीच्या सकाळी पहिल्या एसटीने निघून सोनगीरला तुमच्या नेमबाजीच्या वर्गात हजर झालो. म्हटलं, आपलेच मामा, पोलिसात तीस वर्षं बंदुका सांभाळलेला माणूस, चहा पाजतील, सही करतील, दुपारच्या गाडीने परत. पण तुम्ही नाशिकला मामींच्या उशाशी, आणि तुमच्या जागी ती विधी. (धुळ्याच्या हीरालालशेठ कापडवाल्यांची नात.) मामा, ही माणसं दिवस मावळला की जेवत नाहीत, पाणी गाळून पितात, मुंगी दिसली तर पाऊल मागे घेतात, आणि त्यांची बावीस वर्षांची पोर मला बंदूक शिकवणार? मला हसू आवरेना. तिने विचारलं, काका, रिकामं आहे ना? मी म्हटलं, रिकामंच, आणि नीट दिसावं म्हणून तिच्या तोंडासमोर धरलं. तिने दोन बोटांनी नळी बाजूला सारली, माझ्या हातातून काढून घेतलं, चक्री उघडली, तर आत चार गोळ्या आणि तीनशे मुंग्या. (पंचामृत. दुसरं काय?)

तिथेच परीक्षा थांबली. पोरीने गोळ्या काढून डबीत ठेवल्या, चित्रकलेचा मऊ ब्रश आणला आणि एकेक मुंगी कागदावर घेऊन बांधावर सोडायला लागली. पाऊण तास! आम्ही नऊ उमेदवार ऑक्टोबरच्या उन्हात उभे. सगळी चक्री मोकळी झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, काका, एकही मेली नाही. आता यात माझ्याकडे बघण्यासारखं काय होतं?

मग लेखी. शस्त्र घरात कुठे ठेवाल, या प्रश्नाला मी लिहिलं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरेल अशा ठिकाणी. कोणत्या प्रसंगी बाहेर काढाल? लग्न, मिरवणूक आणि कोणी उलटून बोलल्यास. प्रामाणिकपणाचे गुण शून्य. त्यानंतर तिच्या पिस्तुलाने नेमबाजी. तिने आधी स्वतः पाच गोळ्या मारून दाखवल्या, पाचांचं मिळून एकच भोक. मी पाच मारल्या. शेजारच्या पत्र्याच्या शेडमधून म्हैस हंबरली (तिला काही झालेलं नाही, नुसती दाव्यासकट पळाली), पण माझा कागद कोराकरकरीत राहिला. तो परत वापरता येईल, म्हणजे तुमच्या वर्गाची मी बचतच केली, हे कोणी लक्षात घेत नाही. नापास! शिवाय रिव्हॉल्व्हर त्याच दिवशी ठाण्यात जमा करायला लावलं. तीन दिवस वर्गाला बसा, मग फेरपरीक्षा घेते, म्हणाली. तीन दिवस! लेकीच्या वयाच्या पोरीपुढे वही घेऊन बसू? हे नवलला कळलं तर बासुंदी सोडा, पाणीसुद्धा कोणी विचारणार नाही.

असो. मन मोकळं केलं, बरं वाटलं. मामींना डोळ्यात थेंब वेळेवर घालायला सांगा, गुडघ्याला निरगुडीचा शेक द्या. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार.

तुमचा लाडका भाचा,
योगराज

ता. क. सोबत दाखल्याचा कोरा फॉर्म जोडलाय. तुम्ही फक्त सही करा, बाकीचं मी भरतो. तारीख कोजागरीची टाका. त्या दिवशी तुम्ही नाशिकला होतात हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. विधीला कळवायची गरज नाही, पोर अजून लहान आहे, तिला व्यवहार समजत नाही.

आणखी एक ता. क. तुम्ही तत्त्वाचे पक्के, हे मी जाणून आहे. म्हणून खाली आईला दोन ओळी लिहायला सांगतोय. अक्काचा शब्द तुम्ही आजवर खाली पडू दिलेला नाही. पाकीट तीच चिकटवेल.

उखर्डू, मी तुही अक्का लिहिते. पंचामृत घाल असं म्याच सांगलं होतं, ते पाप माह्यं. त्या दिसापासून पोर माह्या पदराले धरूनच फिरते. दुपारी निजली तरी झोपीत उठून बसते, अन् मले विचारते, आजी, मी गूळ आनाले गेली नसती तं? योगराजले मी तीन दिस तुह्याकडं धाडते, त्या मुंग्या येचनाऱ्या पोरीपुढं बसव. शिकला तं शिकला, नाही तं ते ठान्यातच राहू दे. तू दरसाल भाऊबीजेले लुगडं आनतो, म्या कधी तोंडानं काही मांगलं नाही. औंदा लुगडं आनू नको. औंदा ताटात मले येवढीच ओवायनी टाक, त्या कागदावर सही करू नको.