विषुववृत्तावरचा बर्फ

४ जानेवारी
बटणांच्या कंपनीत दोनशे कोटी येणार! तेही परदेशातून! भाऊजी चपला न काढताच आत आले, आपल्या थोरल्या भावाला डुलकीतून उठवलं आणि मला म्हणाले, "वहिनी, आपले शेअर महिन्यात तिप्पट!"
हे शेअर मी भाऊजींच्याच सांगण्यावरून घेतलेले. निवृत्तीच्या पैशांतून.
पत्र्याच्या दोन शेड, सत्तेचाळीस कामगार — आणि दोनशे कोटी? एवढ्यात जगातल्या सगळ्या सदऱ्यांना बटणं लावून होतील, वर काजंही करून देता येतील.

५ जानेवारी
विकावेत, तर भाऊजी रुसणार. ठेवावेत, तर मीच मूर्ख. ह्यांना विचारलं. "तुझं तू बघ." आणि पेपरात डोकं.

९ जानेवारी
पैसे देणाऱ्यांचा पत्ता मिळाला — एक बेट! एकतीस वर्षं भूगोल शिकवला, पण हे सापडायला भिंग लागलं. तिथल्या नंबरावर फोन केला. एक बाई गोड आवाजात थांबायला सांगते, मग गाणं लागतं. तीनदा थांबले. गाणं पाठ झालं, माणूस काही आला नाही.

१७ जानेवारी
सगळ्या भागधारकांना कंपनीचं पत्र. "बेटावरील प्रचंड हिमवृष्टीमुळे सह्या लांबणीवर पडल्या आहेत."
हिमवृष्टी! विषुववृत्तापासून दोन बोटांवर! सहावीतल्या पोराने असं लिहिलं असतं तर पेपर वर्गात वाचून दाखवला असता. हसून हसून ठसका लागला. ह्यांनी चक्क उठून पाणी दिलं.
मालक — मी त्यांना बटणशेठ म्हणते — पक्का लबाड! थापही धड मारता येत नाही.

२४ जानेवारी
आज सभा होती. बटणशेठ घामाघूम होऊन मोठमोठे आकडे सांगत होते. मी हात वर केला. भाऊजी कुजबुजले, "वहिनी, नको!" तोवर मी उभी.
"ही पैसेवाली माणसं तुम्ही कधी समोर पाहिलीत का? आणि एवढ्या उन्हाच्या बेटावर बर्फ कोणी नेऊन टाकला?"
सभागृह खो खो हसलं. मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, परत विचारा!" बटणशेठ माइकमध्ये म्हणाले, "ते... कळवतो."
परतताना भाऊजी माझ्यापुढे दहा पावलं. मी मात्र तरंगत होते. आयुष्यात माझा एकही तास इतका रंगला नव्हता!

२५ जानेवारी
शेअर निम्म्यावर. माझेही गेलेच की! पण तोरा शाबूत. भाऊजींनी अबोला धरलाय.

२७ जानेवारी
बटणशेठ दारात. एकटेच. खुर्चीच्या कडेवर बसले. "बाई, मीसुद्धा त्यांना पाहिलेलं नाही. पत्रं यायची, मी तशीच पुढे पाठवायचो. कागदपत्रांची फी म्हणून राहतं घर विकून पैसे भरले. त्या दिवशी सभेत तुम्ही विचारलंत, तेव्हा कळलं."
पोलिसांसाठीची तक्रार मी लिहून दिली. सही करताना त्यांचा हात थांबला.
"लोक परत हसतील ना, बाई?"