वीरव्वाचा पाचवा अंक

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
नवी पेठ, सोलापूर
१८ फेब्रुवारी १९७६

ती. चंद्रव्वा आत्यास,
गौरम्माचा सा. शरणार्थ. वि. वि.

तिकडची पसंती कळली आणि घरात पेढे वाटून झाले. रेवणसिद्ध मलाही आवडले, उगाच खोटं कशाला सांगू. पण दोन दिवस झाले, जेवण गोड लागत नाही. स्थळ तू आणलंस, तेव्हा दुखणंही तुलाच सांगते.

माझ्या वीरव्वाचं काय करू? तुला ठाऊकच आहे, बहात्तर साली आखाडात लग्नं बंद म्हणून अप्पांचा छापखाना रिकामा होता. मी वहीत काढलेली ही गिरणीकामगार बाई त्यांनी चित्रकथा करून गमतीनं छापली. खांद्यावर चादर टाकली की उडते, आणि चादरीखाली घेतलेल्या माणसाला कुणी हात लावू शकत नाही, एवढीच तिची शक्ती. पुढं संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत तीनशे प्रती चार दिवसांत संपल्या. तेव्हापासून दर आखाडात एक अंक निघतो, तोही पत्रिकांच्या उरलेल्या लाल शाईत. चौऱ्याहत्तरला कागद मिळेना, तर बिघडलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर छापला. पुढं वीरव्वाची मारामारी, मागं कुणाचा तरी गोरज मुहूर्त. लोकांनी तोही घेतला.

मुलीनं काढलेली मारामारी कोण घेणार, असं विक्रेते म्हणाले, म्हणून लेखक-चित्रकार म्हणून आमच्या शिवयोगीचं नाव छापतो. माझ्या या भावाला सरळ रेघ ओढता येत नाही आणि कौतुकाची पत्रं त्याला येतात.

अक्कलकोटला सासरी हे सांगावं का? सून चित्रं काढत बसलेली कोणत्या सासूला चालेल? पण वीरव्वा चार अंकांवर थांबली तर मला फार लागेल गं.

आई-अप्पांनी आठवण सांगितली आहे. माया आहे ती अशीच राहू दे.
तुझी गौरम्मा


अक्कलकोट
२५ फेब्रुवारी १९७६

चि. गौरम्मास,
चंद्रव्वा आत्याचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. मी चौथीपतूर शिकलेली, बोलते तसं लिहिते, हसू नको.

तुझी होणारी सासू सुंदरम्मा लई कडक बाई हाय. त्यांच्या दारात कुत्रंबी विचारून आत येतंय. तवा तोंडाला कुलूप लाव. एकदा गंगेत घोडं न्हालं की मग मी हळूच कानावर घालीन. शिवयोगीचं नाव छापलंय ते बरंच झालं की. वीरव्वा उडती तर उडू दे, तू आपली जमिनीवर चाल.

त्यांच्याकडच्या दोनशे पत्रिका तुमच्याच छापखान्यात छापायच्या ठरल्यात, त्या येळेवर धाडा. बाईला वाटायची लई घाई.

रडू नको. तुझे चारी अंक माझ्या ट्रंकेत हायत, नातवंडांनाबी हात लावू देत न्हाय. आत्याचा जीव तुझ्यात हाय, इसरू नको.
चंद्रव्वा


सोलापूर
७ एप्रिल १९७६

ती. आत्यास,
सा. शरणार्थ. वि. वि.

घात झाला. सिद्रामकाका, आपले जुने कंपोझिटर, माझी पत्रिका जुळवत होते. रेवणसिद्धांच्या नावापुढं बी. कॉम. बसवलं आणि माझ्या नावापुढची मोकळी जागा त्यांना बघवेना. तिथं त्यांनी ‘वीरव्वा चित्रकथेच्या चित्रकार’ असे अक्षरांचे खिळे बसवून टाकले. अप्पांनी प्रूफ तपासलं होतं, पण ते तारीख, मुहूर्त आणि काकामंडळींच्या नावांचा क्रम एवढंच बघतात, कारण भांडणं तेवढ्यावरूनच होतात. तुमच्याकडच्या दोनशे पत्रिका सोमवारच्या एसटीनं गेल्यासुद्धा.

काकांवर रागवायला गेले तर म्हणाले, चार वर्षं तुझ्या चित्रांमधला मजकूर मीच जुळवला, आणि दर वेळी शिवयोगीचं नाव बसवताना माझ्या जिवावर आलं.

लग्न मोडलं तर अप्पांना मान वर करता येणार नाही. मलाही हे घर हवं आहे, आत्या. तरी तुला म्हणून सांगते, ती ओळ मी चारदा वाचली. वीरव्वाच्या शेजारी माझं नाव पहिल्यांदाच पाहिलं.

तिकडं काय झालं ते लगेच कळव. चुकलं असेल तरी माया आटू देऊ नकोस.
गौरम्मा


अक्कलकोट
१२ एप्रिल १९७६

चि. गौरम्मास अ. उ. आ.

आदी पोटभर जेव, मग पुढं वाच. लग्न मोडलं न्हाय.

सुंदरम्मांच्या ध्यानात आलं तवा निम्म्या गावात पत्रिका वाटून झाल्या हुत्या. मला बोलावणं आलं. हे खरं हाय का, असं त्यांनी इचारलं. खोटं अगदी ओठावर आलं हुतं, पर त्यांच्याकडं बघून व्हय म्हनून गेले. मग ती पुस्तकं आणा म्हनल्या. ट्रंक उघडून आणली. रेवणसिद्ध कामावरनं उपाशी आलेला, त्याला समोर बसवून चारी अंक मोठ्यानं वाचायला लावले. बिचारा चवथ्या अंकाला घसा बसून घोगरा झाला, पर हसत हुता.

ऐकून झाल्यावर म्हनल्या, ही बाई चार अंकांत एकदाबी जेवली न्हाय, असं कसं चालंल. मग माझ्यावर उखडल्या. लपवायला आमी काय वाघ हाय का, म्हनून लई बोलल्या. इतकी गोड बोलणी मी जन्मात खाल्ली न्हाईत. घरी येऊन देवापुढं दिवा लावला आणि मग रडून घेतलं.

हां, मोठी गोष्ट राहिलीच. पाचवा अंक कवा, असं त्यांनी इचारलं. छापखाना आखाडातच मोकळा असतोय, असं मी सांगितलं. नव्या सुनेनं आखाडात सासूचं तोंड बघू नये, म्हयनाभर माहेरी जावं, ही रीत तुला ठावं हाय. मग तर ब्येस झालं, म्हनल्या, तितं बसून काढू दे. मी भीत भीत म्हनलं, पर ही रीत पयल्या वर्षाचीच की. तर म्हनल्या, माझ्या घरात सून दर वर्षी आखाड पाळंल. कुणी इचारलं तर सांगायचं, सासू लई वाईट हाय, तिचं तोंड बघवत न्हाय.

सिद्रामला माझा निरोप सांग, पेढे घिऊन येते. लोभ हाय तो जपून ठेव.
तुझी चंद्रव्वा आत्या