राग नसल्याचा दाखला

मंगळवार, २९ जुलै. सकाळी.
माझ्या चहाच्या पेल्याचं झाकण नाहीसं झालं आहे. ही नोंद मी अत्यंत शांतपणे करत आहे. चहाला झाकण नसेल तर योग्याकार्तात माशी स्वतंत्र आणि सज्जन परतंत्र, एवढंच म्हणतो. हिरवं, पत्र्याचं, वर बोराएवढी मूठ. लग्नापासूनचं. कपाटं पाहिली, मोरी पाहिली, शेजारच्या मांजराकडे पाहिलं. मांजरानं नजर चुकवली.

निंगला सेमारांगला फोन केला. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे, त्यामुळे घरातल्या वस्तू कुठे असतात हे सांगायला तिला वेळ नाही. गेले दोन महिने ती चहा बशीनं झाकून देई, का ते मी विचारलं नव्हतं. झाकणाचं विचारलं. म्हणाली, अहो, तुम्हाला खरंच आठवत नाही? मी म्हटलं, आठवत असतं तर फोन कशाला केला असता. ती म्हणाली, बरं. फार हळू. लाइन खराब असावी.

मग किनान्तीनं फोन घेतला. म्हणाली, बाबा, बाळाच्या सलापानला यायचं असेल तर आधी कुणाशी तरी बोला. शिकलेल्या माणसाशी. मी म्हटलं, मी स्वतः शिकलेला आहे, रोज स्वतःशी बोलतो. ती म्हणाली, दुसऱ्याशी. आणि फोन आईकडे दिला.

नात जन्मली गेल्या बुधवारी, आमच्या पाच दिवसांच्या बाजारचक्रातल्या लगी दिवशी. तोच वार आणि तोच बाजारदिवस पस्तीस दिवसांनी पुन्हा जुळतात ते सलापान, २७ ऑगस्टला. जावळाची पहिली बट आजोबानं कापायची. कात्रीला धार लावून आणली.
संकल्प: आठ दिवसांत प्रकरण निकालात.

गुरुवार, ३१ जुलै.
शास्त्रीय पद्धतीनं विचार केला: शिकलेल्या माणसाशी बोलायचं तर कुठे? पूर्वपक्ष, ऑनलाइन: वरून सदरा, खाली लुंगी चालते. प्रश्न आवडला नाही तर नेटवर्क गेलं म्हणता येतं. उत्तरपक्ष, प्रत्यक्ष: सरकारी दवाखाना चार गल्ल्या सोडून आहे, तिथे मानसतज्ज्ञ बसते, पैसे पडत नाहीत. पण चार गल्ल्यांवर दवाखाना म्हणजे गुपितही चारच गल्ल्या दूर. सिद्धान्त: मला दोन्हीची गरज नाही.

तरी लेकीचं मन मोडू नये.

शिवाय मी रागीट नाही, हे व्याकरणानंही दाखवता येतं. संस्कृतात ज्याला दान द्यायचं त्याची चतुर्थी, ज्याच्यावर रागवायचं त्याचीही चतुर्थी. म्हणजे राग हे एक प्रकारचं दानच. आयुष्यभर सढळ हातानं दिलं आहे. विद्यापीठात पोरांना हे सांगतो तेव्हा कुणी हसत नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट. दुपारी.
दवाखाना. खिडकीवर तक्रार सांगितली: घसा. कुणाला भेटायचं ते मात्र चिठ्ठीवर लिहून, घडी घालून दिलं. खिडकीतल्या बाईंनी चिठ्ठी वाचली, समजूतदारपणे मान हलवली आणि लाउडस्पीकरवरून सगळ्या दवाखान्याला कळवलं: पाक विदग्दो, मानसशास्त्र, खोली चार. दोनदा. पाक म्हणजे श्रीयुत, विदग्दो म्हणजे मी. विदग्ध म्हणजे सुसंस्कृत, रसिक. मूळ अर्थ नीट भाजलेला, पण तो मी वर्गात सांगत नाही.

बाकावर शेजारच्या बू तुमिनी, म्हणजे तुमिनीबाई, रक्तदाब तपासायला बसल्या होत्या. म्हणाल्या, सर्दी का हो, पाक? मी म्हटलं, घसा. त्या म्हणाल्या, हो हो, घशाला खोली चार फार चांगली.

खोलीत पालुपी नावाची मुलगी. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. काय होतंय, म्हणाली. मी म्हटलं, काही होत नाही, मला एक दाखला हवा आहे: सदर गृहस्थ रागीट नाहीत. सही, शिक्का. ती म्हणाली, पाक, असा दाखला नसतो. तनामनानं धडधाकट असल्याचा असतो, नोकरीसाठी, तो खिडकी दोनवर. खिडकी दोन म्हणाली, मनाचं खोली चार देते. खोली चार म्हणाली, शिक्का खिडकी दोनकडे आहे. तिसऱ्या खेपेला मी माझं मत मांडलं. ते रस्त्यापर्यंत ऐकू आलं असं पहारेकरी म्हणतो. हल्ली बांधकामं पोकळ असतात.

निघताना पालुपी म्हणाली, पुढच्या सोमवारी या. दाखल्यासाठी नको, असेच या.
असेच म्हणजे काय? मी काय भाजी घ्यायला निघालो आहे?

मंगळवार, ५ ऑगस्ट. संध्याकाळी.
गल्लीत कुणी आजारी पडलं की सगळ्यांनी मिळून बघायला जायचं, हा आमचा कुळाचार. आज माझी पाळी. गल्लीप्रमुख पाक सार्जोनो पुढे, मागे सगळी गल्ली. साखर, चहापत्ती, पाव, केळ्यांचा घड. चटया त्यांनीच अंथरल्या, चहा त्यांनीच केला, मला पाहुण्यासारखं भिंतीला टेकवून बसवलं.

मानसशास्त्राचं कुणी नावही काढलं नाही. सगळे घशाबद्दल बोलत होते. पाक सार्जोनो म्हणाले, आम्ही गाडी करून दवाखान्यातच येणार होतो, पण तुम्हाला ठेवून घेतलं नाही म्हणे. आवाजात जराशी निराशा होती. कुणी म्हणालं, माझ्या मेव्हण्याचा घसा असाच होता, दोन सुना सोडून गेल्या, आता पुष्कळ बरा आहे. बू तुमिनी म्हणाल्या, घसा दाबून ठेवू नये, कुणाजवळ तरी मोकळा करावा.

मी संतापलो, पण केळं तोंडात होतं.

बू तुमिनींनी वाडगाभर सांबल आणलं होतं, मिरचीची चटणी. त्यावरचं झाकण हुबेहूब माझ्या झाकणासारखं. हिरवं, बोराएवढी मूठ. कारखाने सगळा माल एकाच साच्यातून काढतात. देशात कल्पकता उरलेली नाही.

गुरुवार, ७ ऑगस्ट.
ठरलं. ऑनलाइन. ज्या दवाखान्याच्या मागे गल्ली येते तो दवाखाना नको. किनान्तीला फोन करून सविस्तर समजावलं: अंतर ही केवळ अंधश्रद्धा आहे, जे समोर बसून होतं ते पडद्यावर होतंच, तसूभरही कमी होत नाही. ती म्हणाली, बरं बाबा. तिच्या आईसारखं बरं म्हणायला शिकली आहे. मागे बाळ रडत होतं. छान, खणखणीत. माझ्यावर गेलं आहे.

ॲपवर नाव घातलं. मंगळवारची वेळ मिळाली. माणूस दूरच्या मलांग शहरातला, नाव गालिह. फोटोत हसतो आहे. कशाला?

रविवार, १० ऑगस्ट.
सतरा तारखेच्या स्वातंत्र्यदिनाची तालीम. सकाळपासून लाउडस्पीकर. मंगळवारपर्यंत आवाज चढवायचा नाही असा संकल्प केला होता. तो न्याहारीपर्यंत पाळला. मग पाक सार्जोनोंना गल्लीच्या ग्रुपवर अकरा कलमी निवेदन पाठवलं. त्यांनी नमस्काराचं चित्र धाडलं. मग मी चौकात गेलो. तिथे लाउडस्पीकरची तार आपण होऊन निघाली.

घरी आल्यावर वायफायचा डबाही टेबलावरून खाली आला. एकाच दिवशी दोन यंत्रं. वीजकंपनीला लिहिणार आहे.

मंगळवार, १२ ऑगस्ट. सायंकाळी.
डबा मेला. मोबाइलचं नेटवर्क घरात येत नाही. गल्लीत फुकट वायफाय फक्त गस्तीच्या चौकीत: चार खांब, एक पाट आणि बांबूच्या तट्ट्याची अर्धी भिंत. दुपारी तिथे चिटपाखरू नसतं, असा माझा अंदाज. जाऊन बसलो. कानाची तार सापडेना, तेव्हा फोन मोठ्यानंच लावला.

गालिह सभ्य निघाला. म्हणाला, पाक, एक ते दहामध्ये तुमचा राग किती? मी म्हटलं, दोन. तट्ट्यामागून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, आठ. दुसरं म्हणालं, रविवारी नऊ होता, तार ओढली तेव्हा. पाक सार्जोनोंचा आवाज म्हणाला, शू, त्यांना सांगू द्या, ते बरे होत आहेत.

वाकून पाहिलं. बायका शेंगा सोलत होत्या, पुरुष पतंगाची कामटी तासत होते, आणि कुणीही ऐकत नव्हतं. आमच्याकडे न ऐकणं ही मोठी साधना आहे. मी काही बोलणार तोच गालिह म्हणाला, वा, तुमच्यासोबत माणसं आहेत, हे फार चांगलं आहे. शेवटचा राग कधी आला? मी म्हटलं, आठवत नाही. तट्ट्यामागून तीन तारखा आल्या, त्यातल्या दोन बरोबर होत्या.

मग त्यानं विचारलं, घरात तुमच्या रागाला कुणी घाबरतं का?

मी म्हटलं, छे, कुणीही नाही.

आणि तट्ट्यामागून काहीच आलं नाही. थांबलो. आठ म्हणणारी, नऊ म्हणणारी, तारखा सांगणारी सगळी माणसं खाली मान घालून शेंगा सोलत होती.

नेटवर्क गेलं, असं सांगून फोन बंद केला. नेटवर्क उत्तम होतं.

बुधवार, १३ ऑगस्ट.
बू तुमिनी मागच्या दारानं आल्या. घासून लख्ख केलेलं झाकण ओट्यावर ठेवलं. म्हणाल्या, पाक, तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते, मग रिकामं कशाला म्हणून सांबलावर ठेवलं, राग नसावा.

म्हणाल्या, तुमची लेक सातव्या महिन्याच्या पूजेला आली होती ना, त्या दिवशी तुमच्या खिडकीतून उडत आलं. माझे पापड वाळत होते, त्यात पडलं. सात-आठ पापड गेले, ते काही नाही. पण किनान्ती मागून आली, पोटाला हात लावून. म्हणाली, काकू, बसू का जरा? चूल विझेपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात बसली. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

चहा गार आला होता. त्या दिवशी चहा गार होता, हे मला नक्की आठवतं. आणि झाकण हातातून सुटलं. सुटलेली वस्तू खिडकीपर्यंत कशी जाते याचा हिशेब मात्र लागत नाही.

बू तुमिनींना म्हटलं, उगाच पराचा कावळा करू नका. त्या म्हणाल्या, नाही करत, आणि ओटा पुसून गेल्या. माझा ओटा. न विचारता. याचाही राग आला.

सोमवार, १८ ऑगस्ट.
दवाखाना. खिडकीवर घसा म्हटलं नाही. बाईंनी पुन्हा लाउडस्पीकरवर सांगितलं. बाकावर गल्लीतली माणसं होती. एकानं जागा दिली.
खोली चार. पाऊण तास. पालुपी फार बोलत नाही. मला न बोलणाऱ्या माणसांचा संताप येतो, कारण मग आपल्याला बोलावं लागतं. तिला झाकणाचं सांगितलं. तिनं विचारलं, चहा गरम असता तर? मी तिच्यावर चिडलो. मग तिनं विचारलं, आता चिडण्याआधी काय वाटलं? मी म्हटलं, काही नाही. ती थांबली. भिंतीवर पाल होती, तीही थांबली.
दाखल्याचं विचारायचं राहून गेलं.

गुरुवार, २१ ऑगस्ट.
आज पुन्हा खोली चार. सोमवार नव्हता, नंबरही नव्हता, असाच गेलो. येताना कोपऱ्यावर रिक्षावाल्याला शिव्या दिल्या. अर्ध्या. उरलेल्या घरी आणल्या.
सेमारांगच्या बसचं तिकीट काढलं. निळा बाटिक शर्ट इस्त्रीला. कात्री पिशवीत.

रविवार, २४ ऑगस्ट. सकाळी.
किनान्तीचा फोन. स्वतःहून. म्हणाली, बाबा, तुम्ही खोली चारमध्ये जाता ते कळलं, बू तुमिनींनी सांगितलं. बरं वाटलं. मी म्हटलं, त्या बाईला रक्तदाबाचं पाहायला सांग. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मग म्हणाली, बाबा, या वेळी व्हिडिओवर या. तुम्हीच म्हणालात ना, तसूभरही कमी होत नाही. पुढच्या सलापानला बघू. जावळाची पहिली बट दानारचे बाबा कापतील. दानारचे बाबा म्हणजे तिचे सासरे, दुचाकीचे टायर विकतात. त्यांनी कात्री कधी धरली असेल तर ट्यूब कापायला.

मी म्हटलं, ठीक आहे. हळू म्हटलं. मागून निंगनं विचारलं, अहो, बरं वाटत नाही का?

मंगळवार, २६ ऑगस्ट, बाजारदिवस क्लिवोन, लगीच्या आदला. रात्र व्हायच्या आत.
गस्तीच्या चौकीत उद्याच्या व्हिडिओसाठी गल्लीनं सभामंडप केला आहे. कुणाचा तरी मोठा टीव्ही, पाटावर पांढरी चादर, उद्याच्या फराळाला केळी आणि चिकटभाताचे लाडू. कुणी कुठे बसायचं ते पाक सार्जोनोंनी ठरवलं. मला मधोमध, टीव्हीच्या अगदी समोर. मी म्हटलं, ही माझी नात आहे, कुस्तीचा फड नाही. ते म्हणाले, म्हणून तर मधोमध. मला राग आला. चौकीचा आला, चादरीचा आला, टीव्हीवर कोरड्या फडक्यानं पुसून पडलेल्या ओरखड्यांचा आला. सगळ्यांना दिला. चतुर्थी.

घरी येऊन चहा केला. झाकण घातलं. तिकीट पिशवीतून काढलं, कात्री राहू दिली.

आता एक गोष्ट लिहितो, कारण ही वही कुणी वाचत नाही.

किनान्ती या म्हणाली नाही, याचा मला राग आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. बाळं रडतातच, त्याचं काही नाही. मला भीती वाटते ती याची: बाळ माझ्या हातात रडायला लागेल, आणि खोलीतलं कुणीच काही बोलणार नाही.