मांडी घालता येईल का?

५ नोव्हेंबर
ऑप. झालं एकदाचं. टावर चौकात पिकअपनं यांच्या स्कूटरला बाजूनं उडवलं, तेव्हापासून आज जरा श्वास घेतला. कमरेचं हाड दोन जागी तुटलं होतं. पुढे धातूची पट्टी, मागे स्क्रू. निखळलेला खुबा पहिल्याच दिवशी भूल देऊन बसवला, पण उशीर झाला तो झालाच. मांडीच्या हाडाचं खुब्यातलं गोल टोक एक्स-रेत दाखवून डॉक्टर म्हणाले, "गोला सूख भी सकता है. महीनों बाद ही पता चलेगा."
तबला शिकवणारा माणूस. मांडी घालता येईल का, एवढंच विचारायचं होतं. धीर झाला नाही.

७ नोव्हें.
उशीर कुणामुळे? मोठ्या दिरांमुळे. दादांनी यांना ऑटोत बसवून आधी नेलं आखाड्यातल्या पहलवानाकडे! घरात कुणाचा पाय मुरगळला की तिथंच जायचं, तेल लावून ओढून घ्यायचा. त्यानं पाय ओढला, हे बेशुद्ध. मग हॉस्पिटल. रेल्वेत अख्खी नोकरी केलेला माणूस, अक्कल कुठे चरायला गेली होती?
आज डबा घेऊन आले. बोललेच मी, "तुमच्या पहलवानानं घालवला यांचा पाय." मान खाली घालून ऐकलं, डबा ठेवून गेले.

१० नोव्हें.
कूस बदलताना ओरडतात. ऐकवत नाही. नर्स म्हणते, "सरजी, ढीला छोड़िए." जन्मभर पोरांना "हात ढिला सोड" सांगणारा माणूस.
डबा शेजाऱ्यांबरोबर आला. दादा नाहीत.

१३ नोव्हें.
आज हे आपणहून म्हणाले, "दादाला बोलू नकोस. तो हॉस्पिटलच म्हणत होता. मीच हट्ट केला, पहलवानाकडे चल. कापतील म्हणून भीती वाटली गं."
मग इतके दिवस गप्प का?
"तू फार चिडली होतीस."
आणि दादा? तेही गप्प. एका माळेचे मणी. आता हा राग कुठे ठेवू? पडलेल्या माणसावर काढता येत नाही. रडू आलं.

२९ नोव्हें.
घरी आलो चार दिवसांपूर्वी. नवा एक्स-रे. "अभी कुछ कह नहीं सकते, रुकिए."
दादांना जेवायला बोलावलं. माफी मागायची होती, तोंडातून निघालं, "भाजी घ्या ना अजून." ते सवयीनं खालीच बसले होते, मांडी घालून. हे पलंगावरून बघत होते. ताटाकडे नाही, मांडीकडे. दादांच्या लक्षात आलं, गडबडीनं उठायला लागले.
"बस रे दादा. बघू दे मला."
दादा बसले. पोळी तशीच राहिली.