सगळे पत्ते का टाकतात?

ता. ४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पोकरच्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठली! रविवारी मागच्या खुर्चीवरून तुम्ही पाहिलंतच. माझी रीत एकच. पत्ते चांगले असोत की फडतूस, बोली मीच वाढवायची आणि दणकून वाढवायची. समोरचे कचरतात, पत्ते टाकून डाव सोडतात, मधल्या पैजेच्या चिप्स माझ्या. तो जाड चष्मेवाला तर माझा हात हलला की पत्ते टाकतो.

ठरल्याप्रमाणे हरलो तर परत तुमच्या कारखान्यात माझ्या मशीनवर, तेही कायमचा; जिंकलो तर स्पर्धांमागे गावोगाव. आई म्हणते, दादाचा चेहरा काही बरा दिसला नाही. चहा बिघडला होता का?

माया आहे तशीच राहू द्या.
आपला,
ठिणग्या

ता. ९ मार्च

चि. ठिणग्यास अनेक आशीर्वाद.

चहा ठीक होता, चष्मेवाला ठीक नव्हता.

जुन्या यंत्रांच्या लिलावात माझे केस पांढरे झालेत. कोणी नवखा तावातावाने बोली लावू लागला, की आम्ही मुरलेली मंडळी पहिली दोन-चार यंत्रं त्याला सुखाने घेऊ देतो. सगळे आपल्याला टरकतात असं त्याला वाटू लागतं. मग कामाचं यंत्र निघालं की आम्ही भाव चढवतो, आणि तो ताठ्यात चढतच जातो. उतरायला शिडी नसते.

त्या रविवारी बाकीचे पत्ते टाकताना सुस्कारे सोडत होते. चष्मेवाला गुणगुणत होता. घाबरलेला माणूस गुणगुणत नाही, पोरा. तो तुला चरायला सोडतोय. अंतिम फेरीत दम धर. आणि खरे पत्ते आले, की फडतूस पत्त्यांवर चढवतोस तशीच दणकून बोली चढव.

तुझ्या आईला सांग, चेहरा जन्मापासून असाच आहे.
तुझा मामा

ता. १२ मार्च

ती. मामांस,
सा. न.

रागावू नका, पण मी हरलो तर फायदा कोणाचा? मशीनवर माणूस टिकत नाही, अशी कुरकुर आईकडे तुम्हीच केलीत ना? वाघाला गवत खा म्हणायचं, आणि वर म्हणायचं, तुझ्याच तब्येतीसाठी! मी माझ्याच रीतीने खेळणार. मनात काय आहे ते उलट टपाली कळवा.

राग नसावा, असला तर फार नसावा.
ठिणग्या

ता. २३ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं उत्तर आलं नाही, तेव्हा माझा संशय पक्का झाला. काल पहिल्या डावापासून चढाई केली. एकेक जण उठत गेला, शेवटी मी आणि चष्मेवालाच उरलो. फडतूस पत्ते हातात, सगळ्या चिप्स पुढे ढकलणार, तोच ऐकू आलं. तो गुणगुणत होता. तुमच्यावर चरफडत मी पत्ते टाकले.

थोड्या वेळाने दोन एक्के आले. नेहमीच्याच गुर्मीत सगळ्या चिप्स लोटल्या. त्याने क्षणभरही विचार केला नाही, आपल्याही लोटल्या. त्याच्या हातात जेमतेम एक राजा, आणि माझ्या थापेबाजीवर गाढ विश्वास! मामा, मी जिंकलो.

मी हरावं असं वाटत असतं, तर त्या गुणगुणण्याबद्दल तुम्ही मला सावधच केलं नसतं. हे आईने सुचवलं, मला सुचायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात निघतो.

आशीर्वाद पाठीशी असू द्या.
ठिणग्या

ता. २७ मार्च

चि. ठिणग्यास अनेक आशीर्वाद.

उत्तर दिलं नाही, कारण तुझा संशय निम्मा खरा होता. तू परत यायला हवाच होतास. पण माझ्या भाच्याला कोणी परक्याने कापावं, हे काही बघवेना. तेव्हा आता तोंड दाबून पेढे वाटतोय.

उद्यापासून एक नवा माणूस येतोय. काम मागायला आला तेव्हा पत्त्यांचा नाद नाही, असं आल्या आल्या दोनदा म्हणाला. मी विचारलंच नव्हतं. त्याला माझ्या नजरेसमोर, दाराजवळच्या मशीनवर उभा करणार आहे.

तुझं मशीन तेल देऊन झाकून ठेवलंय. गंजू नये म्हणून. भलता अर्थ काढू नकोस.

पोहोचल्याचं कळव.
तुझा मामा