समुद्रातून परत आलेली पिशवी

अप्पा,

उद्या मी शिकवते त्या शाळेतल्या मुली टाकाऊ प्लास्टिकचे पोशाख घालून सभागृहात चालणार आहेत, आणि त्याआधी मी माझ्या पोशाखाची गोष्ट सांगायची असं ठरलंय. ती मी पुष्कळदा सांगितलीय. आज मनात जुळवायला बसले, तर तुम्हीच समोर येऊन बसलात. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि जिवंत होता तेव्हाही त्या दिवसाबद्दल आपण दोघं एक शब्द बोललो नाही.

तुम्ही तारिहाळच्या पिशव्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होता. लहानपणी एकदा मला तिथं नेलं होतंत. वितळलेल्या प्लास्टिकच्या दाण्यांचा पातळ फुगा यंत्रातून निघून छताकडं चढत होता आणि त्यातून पलीकडचा दिवा दिसत होता. त्याहून सुंदर वस्तू मी तोवर पाहिली नव्हती. धारवाडच्या मळमड्डीतल्या आपल्या भाड्याच्या घरात सगळं त्या कारखान्याच्या पिशव्यांतच असायचं. तांदूळ, आईच्या शिवणाच्या चिंध्या, माझ्या रंगांच्या ट्यूब. माझं आर्ट कॉलेजही त्याच पगारावर चाललं होतं, आणि हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

शेवटच्या वर्षी कॉलेजनं आम्हाला समुद्र रंगवायला गंगावळी नदीच्या मुखाशी नेलं. ओहोटी लागली होती. मासे धरणाऱ्यांच्या घरच्या बाया वाळूवर जाळं पसरून बसल्या होत्या आणि त्यात माशांपेक्षा पिशव्या जास्त होत्या. एक म्हातारी एकेक पिशवी ओढून काढून मागं टाकत होती. मी जवळ बसले, तर मान वर न करता कन्नडमध्ये म्हणाली, आधी जाळ्यात जे येईल ते खाता यायचं. त्या दिवशी मी चित्र काढलंच नाही. फाटकं जाळं, तुटक्या चपला, बाटल्यांची बुचं आणि त्या पिशव्या पोत्यांत भरून धारवाडला घेऊन आले. एसटीत माझ्या शेजारी कुणी बसायला तयार नव्हतं.

परसातल्या धुण्याच्या दगडावर मी तो माल धुतला, तरी वास जाईना. वेताचा सांगाडा बांधला, त्यावर जाळ्याचा घेर. खांद्यांवर चपलांचे तळ खवल्यांसारखे एकावर एक शिवले. गळ्याशी बुचांची उंच कॉलर, आणि मागं पिशव्यांची लांब शेपूट. अंगावर घालून चालायचं शिल्प. ते घालून बसता येत नव्हतं, मान वळवता येत नव्हती, आणि मला तेच हवं होतं. समुद्राला काय होतंय ते अंगाला कळायला हवं होतं. एका संध्याकाळी तुम्ही कामावरून आलात, स्कूटर लावलीत आणि परसाच्या दारातच थबकलात. "हे काय करायलीयस?" मी सांगत होते, पण तुमचं लक्ष नव्हतं. तुम्ही वाकून ढिगातून एक पिशवी उचललीत. हुबळीच्या एका साड्यांच्या दुकानाची, लाल मोर छापलेली. मोराची चोच कापली गेली होती. छपाईचा साचा सरकला होता आणि माल तसाच गेला होता, हे तुम्हीच पूर्वी जेवताना सांगितलं होतंत.

"आमचा माल," तुम्ही म्हणालात. मग म्हणालात की कुणीतरी सहलीला गेलं असेल, तिथं टाकली असेल. मी म्हटलं, असेलही, पण आपल्या गावाचं पाणीसुद्धा ओढ्यानाल्यांतून जात शेवटी त्याच गंगावळीला मिळतं. तुमचे मालक आमच्या कॉलेजच्या प्रदर्शनाला पाहुणे म्हणून येणार होते. एवढी एक काढून टाक, असं तुम्ही हळूच म्हणालात. मी ती काढली नाही. उलट, शेपटीत जायची ती छातीवर लावली.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता. सकाळी स्वयंपाकघरात पाटावर बसून खाली बघत भाकरी खायचात, डबा उचलायचात, निघायचात. आई मधल्यामध्ये भरडली जायची. एकदा भाकरी थापता थापता तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "त्यांना कामावरून काढलं तर खायचं काय? समुद्र?" पण मोर मी काढला नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. कॉलरची तार मानेत रुतत होती आणि जाळ्याला अजूनही तो वास होता. मालक पहिल्या रांगेत होते. तुम्ही त्यांच्या मागच्या खुर्चीत. मी चालत आले तसं मला दिसलं की तुम्ही माझ्याकडं बघतच नाही, मालकांच्या मानेकडं बघताय. मालक उठले. माझ्या छातीवरच्या मोराशी वाकले, आणि मागं वळून तुम्हाला विचारलं, "निम्म मगळेन्री?" तुमचीच मुलगी का? तुम्ही उभे राहिलात, हो म्हणालात. मालकांनी अंगठ्यानं तो मोर घासून पाहिला आणि हसले. इतके दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही रंग उडाला नाही, म्हणाले. हा पोशाख आम्हाला द्या, व्यापारी प्रदर्शनात काचेत ठेवू, खाली लिहू की आमचा माल समुद्रातही टिकतो. पोरीचा हात चांगला आहे, तिला आमच्याकडं डिझाइनचं काम देतो. प्रिन्सिपॉल टाळ्या वाजवायला लागले, मग इतरही.

"ब्याड्री," तुम्ही म्हणालात. नको. टाळ्यांत ते मालकांना ऐकू गेलं नसावं. तुम्ही पुन्हा म्हणालात, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ब्याड्री, साहेब. ते टिकतं म्हणून तिनं लावलं नाही. ते जात नाही म्हणून लावलंय."

मालक चहा न घेताच गेले. पुढच्या आठवड्यात तुम्हाला यंत्रांवरून हलवून गोदामात बसवलं. निवृत्तीपर्यंत तुम्ही तिथंच होता. रोज तीच स्कूटर, तोच रायापूरवरून जाणारा रस्ता. यंत्रातल्या त्या फुग्याबद्दल पुन्हा कधी घरात बोलला नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

मी गोष्ट सांगते तेव्हा ती इथं संपते. मी ठाम राहिले, वडील पाठीशी उभे राहिले. ऐकणारे खूश होतात. तुम्ही वाचणार नाही म्हणूनच पुढचं लिहिता येतंय. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. कॉलरनं मान सोलली होती, तिची आग होत असेल असं वाटून तुम्ही आईकडून वाटीत खोबरेल घेतलंत आणि माझ्या मागं बसून हलक्या बोटानं लावत राहिलात. कितीतरी दिवसांनी तुम्ही माझ्याजवळ बसला होता, आणि मी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मान फारशी दुखत नव्हती, अप्पा. मला ते काम हवं होतं. तुम्ही बोलला नसता तर मी हो म्हणाले असते.